फुंकेतला आकडा
(श्वासावरून रक्तातील मद्यार्क कसा ओळखतात?)

आषाढी-कार्तिकीच्या दिवसांत पंढरपूरकडे येणारे सगळे रस्ते माणसांनी भरून वाहतात. अकलूजकडून या, मोहोळकडून या, मंगळवेढ्याकडून किंवा सांगोल्याकडून या. रस्त्याच्या कडेने दिंडी चाललेली असते आणि तिच्या हातभर अंतरावरून एस.टी., ट्रक, जीपगाड्या धावत असतात. ३१ ऑक्टोबर २०२२ च्या संध्याकाळी सांगोला तालुक्यातील जुनोनीजवळ, कार्तिकीसाठी कोल्हापूरकडून निघालेल्या एका दिंडीत भरधाव मोटार शिरली आणि सात वारकरी मरण पावले. त्या अपघातात मद्याचा संबंध होता असे आम्ही सुचवीत नाही. पण अशा रस्त्यावर क्षणभराची किंमत काय असते, हे मात्र हिशेबाने सांगता येते. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. चालकाचा पाय ब्रेकवर अर्धा सेकंद उशिरा पडला, तर गाडी आठ मीटर पुढे गेलेली असते. दिंडीच्या चार-पाच रांगा त्या आठ मीटरांत सहज मावतात.

मद्यार्क नेमका हाच अर्धा सेकंद खातो. म्हणूनच रस्त्यावर उभा राहिलेला पोलीस चालकापुढे एक नळी धरतो आणि 'फुंक मारा' म्हणतो. पाच-सहा सेकंद फुंकल्यावर यंत्रावर एक आकडा उमटतो. हा आकडा ३० च्या वर गेला, तर चालकावर खटला होऊ शकतो. परवाना आणि नोकरीही जाऊ शकते. तो आकडा रक्तातल्या मद्यार्काचा म्हणून सांगितला जातो. पण यंत्राने रक्ताचा थेंबही पाहिलेला नसतो. मग त्याला हे कळते कसे, आणि त्यावर कितपत विसंबावे?

आधी कायद्याकडे थोडे पाहू. पूर्वी मद्यपी चालक ओळखण्याची साधने म्हणजे डॉक्टरचे नाक आणि डोळे. तोंडाला वास येतो, चाल डळमळते, बोलणे अडखळते, बाहुल्या विस्फारल्या आहेत, अशी नोंद होई. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की रक्ताची किंवा लघवीची तपासणी झालेली नसताना केवळ अशा लक्षणांवरून माणसाने मद्य घेतले होते असे सिद्ध होत नाही. आम्हांला हा निकाल विज्ञानाच्या दृष्टीने फार योग्य वाटतो. अपघातानंतर घाबरलेला, डोक्याला मार लागलेला माणूसही डळमळतो आणि अडखळतो. उलट, सरावलेला मद्यपी सरळ रेषेत चालून दाखवतो.

आज १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १८५ वे कलम चालक झिंगला होता का, हे विचारीतच नाही. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क आहे का, एवढेच ते विचारते, आणि हे प्रमाण श्वासाच्या यंत्राने ठरवायला परवानगी देते. २०१९ च्या दुरुस्तीने त्यात प्रयोगशाळेतील तपासणीचाही स्पष्ट उल्लेख आला आणि पहिल्या गुन्ह्याचा दंड १०,००० रुपयांपर्यंत वाढला. सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. गंमत अशी, की महाराष्ट्रातल्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यात रक्तातील प्रमाणाची रेषा ०.०५ टक्के, म्हणजे १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम इतकी आहे. स्टिअरिंग हाती घेतले, की रेषा खाली येते.

आता श्वासाकडे वळू. मद्यातले इथाइल अल्कोहोल (यापुढे नुसते मद्यार्क म्हणू) पचावे लागत नाही. त्याचा रेणू लहान आणि पाण्यात कितीही विरघळणारा असतो. जठर आणि लहान आतडे यांच्या भित्तिकांमधून तो तसाच रक्तात उतरतो आणि शरीरातल्या सगळ्या पाण्यात पसरतो. हे रक्त फुप्फुसांतील वायुकोशांपाशी पोहोचते. तिथे केशवाहिनीतील रक्त आणि वायुकोशातील हवा यांच्यामध्ये एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही पातळ पडदा असतो. त्यातून प्राणवायू आत येतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो आणि बाष्पशील असलेला मद्यार्कही थोडासा बाहेर पडतो.

किती बाहेर पडतो, याचा नियम विल्यम हेन्री या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८०३ मध्ये मांडला. बंद जागेत द्रव आणि त्यावरची हवा यांचा समतोल झाला, की द्रवात विरघळलेला पदार्थ आणि हवेतला त्याचा अंश यांचे गुणोत्तर ठरावीक तापमानाला ठरावीक असते. सोड्याची बाटली आपण सर्वांनी पाहिली आहे. झाकण घट्ट असेपर्यंत वायू द्रवात आणि वरच्या मोकळ्या जागेत आपापल्या वाट्याने राहतो. बाटली उन्हात ठेवली, तर वरच्या जागेतला वाटा वाढतो. आपले फुप्फुस ही अशीच एक बाटली आहे. द्रवाच्या जागी रक्त, वरच्या जागेत हवा आणि तापमान जवळजवळ स्थिर.

मद्यार्काला मात्र पाण्याची ओढ फार. म्हणून त्याचा हवेतला वाटा अगदीच किरकोळ असतो. बाहेर पडणाऱ्या श्वासाचे तापमान सुमारे ३४ अंश सेल्सिअस धरले, तर २१०० मिलिलिटर श्वासात जितका मद्यार्क असतो, तितकाच एक मिलिलिटर रक्तात असतो, असे मानून यंत्रे चालतात. २१०० हा सगळ्या तपासणीचा कणा आहे. आपल्या वाचकांनी तो फळ्यावर उतरवून पुढचे गणित मुलांकडून करवून घ्यावे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ०.३ मिलिग्रॅम. तेवढाच मद्यार्क २१०० मिलिलिटर श्वासात असणार. म्हणजे एक लिटर श्वासात सुमारे ०.१४३ मिलिग्रॅम. मद्यार्काचा रेणुभार ४६ धरून रेणूंची संख्या काढली, तर श्वासातल्या दर दहा लाख रेणूंमागे मद्यार्काचे जेमतेम ७८ रेणू येतात. पोलिसाच्या हातातले यंत्र दहा लाखांतले हे ७८ मोजते.

पण कोणता श्वास? साध्या श्वासात आपण सुमारे ५०० मिलिलिटर हवा आत घेतो. त्यातली साधारण १५० मिलिलिटर नाक, घसा आणि श्वासनलिकेतच अडकते, वायुकोशांपर्यंत पोहोचतच नाही. बाहेर येताना हीच हवा आधी येते. म्हणून यंत्राला फुंकेचा शेवटचा भाग हवा असतो. हे वर्गात दाखवणे सोपे आहे. दोन परीक्षानळ्यांत चुन्याची ताजी निवळी सारखी भरा. विद्यार्थ्याला एकच लांब उच्छ्वास सोडायला सांगा. उच्छ्वासाची सुरुवातीची छोटी फुंक एका नळीत आणि अगदी शेवटची तेवढीच फुंक दुसरीत, वेगवेगळ्या पोकळ काड्यांनी सोडा. असे तीन-चार वेळा केले, की दुसरी नळी आधी दुधी होते. (निवळी तोंडात ओढली जाणार नाही याची काळजी घ्यावी, काडीत फुंकायचे आहे, शोषायचे नाही.)

मद्यार्काची गोष्ट कार्बन डायऑक्साइडपेक्षा एका बाबतीत वेगळी आहे. कार्बन डायऑक्साइड फुंकेच्या मध्यावर एका पातळीला येऊन जवळजवळ स्थिरावतो. मद्यार्क पाण्यात इतका विरघळतो, की श्वासनलिकांच्या ओलसर अस्तरालाही तो वाटेत चिकटतो आणि पुन्हा सुटतो. वॉशिंग्टन विद्यापीठातील मायकेल हलास्टाला यांनी हे दाखवून दिले, की त्यामुळे मद्यार्काचे प्रमाण फुंक संपेपर्यंत हळूहळू चढतच राहते. जितके लांब फुंकाल, तितका आकडा थोडा वर. म्हणून यंत्र ठरावीक आकारमानाची फुंक पूर्ण झाल्याशिवाय नमुना घेत नाही. दमा असलेल्या किंवा लहान चणीच्या माणसाला त्यासाठी आपल्या फुप्फुसातला मोठा वाटा रिकामा करावा लागतो. हा एक बारीकसा अन्याय यंत्राच्या रचनेतच आहे.

श्वासातून मद्यार्क बाहेर पडतो हे १८७४ मध्येच फ्रान्सिस अ‍ॅन्स्टी या इंग्रज डॉक्टरने नोंदवले होते. १९२७ मध्ये अमेरिकेत एमिल बोगेन यांनी चक्क फुटबॉलच्या ब्लॅडरमध्ये श्वास गोळा करून तो तपासला. १९३० च्या दशकात रोला हार्गर यांचे फुगा फुगवण्याचे यंत्र आले. त्यात जांभळ्या पोटॅशियम परमँगनेटचा रंग उडे. रॉबर्ट बॉर्केनस्टाइन यांनी १९५४ मध्ये बनवलेल्या यंत्रात पोटॅशियम डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक आम्ल होते, उत्प्रेरक म्हणून सिल्व्हर नायट्रेट. मद्यार्काचे ऑक्सिडीभवन होऊन त्याचे अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधले आम्ल, बनते आणि नारिंगी डायक्रोमेटचे हिरवे क्रोमियम सल्फेट होते. डायक्रोमेटचे दोन रेणू मद्यार्काच्या तीन रेणूंना पुरतात. रंग किती बदलला हे प्रकाशविद्युत घटाने मोजले, की मद्यार्क कळला. जुन्या पुस्तकांत हा प्रयोग शाळेत करावा असे लिहिलेले आढळते. आमचे मत, करू नये. डायक्रोमेटमधील षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. रंगबदल चित्रात पाहिलेला पुरे.

आजच्या हातात मावणाऱ्या यंत्रांत बहुधा इंधनघट असतो. इंधनघटाचे तत्त्व विल्यम ग्रोव्ह या वेल्श शास्त्रज्ञाने १८३९ च्या सुमारास दाखवले, आणि त्याचा श्वासतपासणीसाठी उपयोग करणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र १९७० च्या दशकात वेल्समध्येच, टॉम पॅरी जोन्स यांच्या कार्डिफच्या कंपनीत घडले. आत प्लॅटिनमचा थर दिलेले दोन विद्युदग्र आणि मध्ये आम्लाने भिजलेली सच्छिद्र चकती असते. फुंक पूर्ण होत आली, की एक छोटा पंप सुमारे एक घनसेंटिमीटर श्वास आत ओढतो. प्लॅटिनमवर मद्यार्काचे अ‍ॅसेटिक आम्ल होते आणि प्रत्येक रेणू चार इलेक्ट्रॉन सोडतो. हे इलेक्ट्रॉन तारेतून दुसऱ्या विद्युदग्राकडे जातात. तिथे हवेतला प्राणवायू त्यांना घेऊन पाणी बनवतो. तारेतून गेलेला एकूण विद्युत्‌भार मद्यार्काच्या प्रमाणात असतो.

अकरावी-बारावीच्या मुलांसाठी इथे फॅरडेच्या नियमाचे सुंदर उदाहरण आहे. कायद्याच्या रेषेवर एक मिलिलिटर श्वासात ०.१४३ मायक्रोग्रॅम मद्यार्क असतो. त्याला ४६ ने भागा, चारने गुणा, फॅरडेच्या ९६,५०० कुलंबने गुणा. उत्तर सुमारे १.२ मिलिकुलंब येते. एका माणसाच्या परवान्याचा फैसला एवढ्याशा विद्युत्‌भारावर होतो! प्रत्यक्षात घट जुना होतो, थंड पडतो, कोरडा होतो आणि १.२ च्या जागी कमी-जास्त देऊ लागतो. म्हणून ठरावीक मुदतीने त्याला माहीत असलेल्या प्रमाणाचा मद्यार्क 'फुंकून' दाखवावा लागतो. ३४ अंशांवर ठेवलेल्या मद्यार्क-पाण्याच्या द्रावणातून हवा बुडबुडत नेली, की हेन्रीच्याच नियमाने ठरावीक बाष्प मिळते. त्याच्याशी यंत्राचा आकडा जुळवतात. याला अंशांकन म्हणतात.

स्वस्त खेळण्यासारख्या यंत्रांत टिन ऑक्साइडचा अर्धवाहक असतो. तो धूर, अत्तर, अ‍ॅसिटोन अशा कशालाही दाद देतो, म्हणून खटल्यासाठी कुचकामी. इंधनघट त्या मानाने चोखंदळ असतो. मधुमेह हाताबाहेर गेलेल्या रुग्णाच्या श्वासात अ‍ॅसिटोन येते, ते त्याला जवळजवळ दिसतच नाही. काही देशांत पोलीस ठाण्यात ठेवलेली मोठी यंत्रे अवरक्त किरण वापरतात. मद्यार्काचा रेणू ३.४ आणि ९.५ मायक्रोमीटरच्या आसपासच्या तरंगलांबी शोषतो, त्यावरून तो ओळखला जातो.

आता त्या २१०० कडे परत येऊ, कारण खरा वाद तिथेच आहे. हे गुणोत्तर सर्वांचे सारखे नसते. मद्य शोषून झाल्यावर बहुतेकांचे ते २३०० च्या आसपास भरते. ब्रिटनचा कायदा २३०० धरतो, फ्रान्सचा २०००. समजा, खरे गुणोत्तर २३०० आहे आणि यंत्र २१०० धरते. अशा माणसाच्या रक्तात ३३ मिलिग्रॅम असले, तरी यंत्र ३० दाखवील. म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत यंत्र चालकाच्या बाजूने थोडे झुकलेले असते. उलट, प्यायल्यावर लगेच, शोषण चालू असताना, श्वास धमनीतल्या रक्ताशी जुळतो आणि धमनीत तेव्हा शिरेपेक्षा मद्यार्क जास्त असतो. डॉक्टर रक्त घेतात ते शिरेतले. म्हणून त्या काळात श्वासाचा आकडा रक्ताच्या आकड्यापेक्षा वर जाऊ शकतो. तापमानाचेही तसेच. शरीराचे तापमान एक अंशाने वाढले, तर श्वासातील मद्यार्क सुमारे साडेसहा टक्क्यांनी वाढतो. चैत्र-वैशाखात पंढरपूरला उन्हाने जीव कासावीस होतो, तरी त्याने फारसे बिघडत नाही, कारण शरीर आपले तापमान राखते. तापाने फणफणलेल्या माणसाचे मात्र बिघडू शकते. श्वास अर्धा मिनिट रोखून फुंकले तर आकडा चढतो, भराभर श्वास घेऊन फुंकले तर उतरतो. फरक दहा-पंधरा टक्क्यांचा.

या सगळ्यांपेक्षा मोठी चूक घडवू शकतो तो तोंडातला मद्यार्क. नुकताच घोट घेतलेला असला, ढेकर आली असली किंवा खोकल्याचे औषध घेतले असले, तर यंत्र फुप्फुसातली नव्हे, तोंडातली वाफ मोजते. आपल्याकडे याला एक खास रूप आहे. आसवे आणि अरिष्टे आंबवूनच बनवतात. दशमूलारिष्ट, द्राक्षासव यांत पाच ते दहा टक्क्यांच्या आसपास मद्यार्क आपोआप तयार झालेला असतो. दोन चमचे घेऊन लगेच फुंकणाऱ्याचा आकडा उंच जाईल. पंधरा मिनिटांनी मात्र लाळेने तोंड धुतले जाते आणि दोन चमच्यांचा रक्तातला अंश नगण्य असतो. जुलै २०२५ मध्ये केरळातल्या पंदळम येथील राज्य परिवहन आगारात काही कर्मचाऱ्यांच्या चाचण्या मद्य न घेताच सकारात्मक आल्या. शोध घेतला, तेव्हा त्यांनी पिकून आंबू लागलेला फणस खाल्ला होता असे निघाले. यावर उपाय साधा आहे. पंधरा मिनिटे चालकाला काही खाऊ-पिऊ न देता थांबवायचे आणि पुन्हा फुंकायला लावायचे. तोंडातला मद्यार्क असेल, तर आकडा कोसळतो. रक्तातला असेल, तर जवळजवळ तसाच राहतो.

केरळ उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये आणखी एका गोष्टीवर बोट ठेवले. माणसाने फुंकण्याआधी यंत्राने रिकाम्या हवेची चाचणी घेऊन शून्य दाखवले पाहिजे. ते शून्य नसेल, तर पुढचा आकडा पुरावा म्हणून चालत नाही. प्रयोगशाळेत काम करणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. तराजूचे पारडे रिकामे असताना काटा मधोमध आहे ना, हे आमचा किराणावालाही बघतो.

मग थेट रक्तच का तपासू नये? तपासावेच. कायद्यानेही अटक झाल्यावर दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी सांगितली आहे. अडचण वेळेची आहे. यकृत मद्यार्क जाळते ते ठरावीक गतीने, १०० मिलिलिटर रक्तामागे तासाला साधारण १५ मिलिग्रॅम. पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ च्या पहाटे एका अल्पवयीन मुलाच्या मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. रक्ताचा नमुना घेतला गेला तो कित्येक तास उलटल्यावर, आणि पुढे तो बदलल्याच्या आरोपावरून शासकीय रुग्णालयातील डॉक्टरांना अटक झाली. आरोपांचा निवाडा न्यायालय करील. पण नुसते घड्याळ पाहा. आठ तासांत १२० मिलिग्रॅम नाहीसे होतात. पहाटे कायद्याच्या चौपट असलेले रक्त दुपारपर्यंत, कोणी हातही न लावता, शुद्ध होते. रस्त्यावर दहा मिनिटांत घेतलेली फुंक शेकडा दहाने चुकली, तरी तिची बरोबरी हा उशिराचा नमुना करू शकत नाही.

हीच गती दुसऱ्या बाजूनेही पाहायला हवी. स्वीडनच्या एरिक विडमार्क यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दिलेले सूत्र सोपे आहे. प्यालेल्या मद्यार्काचे ग्रॅम भागिले शरीराचे वजन गुणिले ०.६८ (स्त्रियांसाठी सुमारे ०.५५). व्हिस्कीत आकारमानाने ४२.८ टक्के मद्यार्क असतो आणि त्याची घनता ०.७९. म्हणजे ६० मिलिलिटरमध्ये सुमारे २० ग्रॅम. साठ किलोच्या पुरुषाच्या रक्तात त्याने १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅमपर्यंत मद्यार्क होऊ शकतो. कायद्याची रेषा एकाच मोठ्या पेगाने ओलांडली गेली. १८० मिलिलिटरची क्वार्टर घेतली, तर तिप्पट, सुमारे १५०. ती दीडशेवरून तिसावर यायला १२० भागिले १५, म्हणजे आठ तास लागतात.

रात्री अकराला क्वार्टर संपवून झोपलेला चालक पहाटे पाचच्या गाडीसाठी उठतो, तेव्हा त्याच्या रक्तात अजून ६० असतात. त्याची झोप झालेली असते, पाय स्थिर असतात, आपण शुद्धीवर आहोत याची त्याला खात्री असते आणि तो खोटे बोलत नसतो. चंद्रभागेत बुडी मारून, लिंबू चोखून, दोन कप कडक चहा घेऊनही यकृताची गती वाढत नाही. अशाने झोप उडते, मद्यार्क उडत नाही. आगाराच्या फाटकाशी त्याने नळीत फुंकले, की प्लॅटिनमच्या चकतीवर कायद्याच्या रेषेच्या दुप्पट विद्युत्‌भार जमा होतो.